पिवळे दिवे, फुटका आरसा

गाडीचे हेडलाइट पिवळे पडले यात नवल काहीच नव्हतं. अमळनेरला आमच्या गल्लीत कुणाच्याच गाडीवर छप्पर नाही. आमची गाडी वर्षानुवर्षं दक्षिणेकडे तोंड करून उघड्यावर उभी असते, आणि मे महिन्यात इकडे पारा ४५ अंशांवर गेला तरी लोक डोक्याला रुमाल बांधतात आणि कामाला लागतात. नवल एवढंच की दोन्ही दिवे सारखे पिवळे नव्हते. उजवा पार गेलेला, डावा त्या मानाने बरा. पूर्वेला शेजाऱ्यांची उंच भिंत आहे, त्यामुळे सकाळचं ऊन डाव्या दिव्यापर्यंत पोचतच नाही. उजवा पश्चिमेला येतो. दुपारी एकपासून मावळतीपर्यंत सगळं ऊन त्याच्या वाट्याला.

हल्लीच्या हेडलाइटचं पुढचं आवरण पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकचं असतं. वजनाला हलकं, दगड उडून लागला तरी सहसा फुटत नाही, हवा तो आकार देता येतो. खोड एकच, उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं. म्हणून कारखान्यातच त्यावर पातळ, कडक कोट चढवलेला असतो. ऊन आधी तो कोट खातं, मग खालच्या प्लॅस्टिकला लागतं. माझ्या मामांकडे सात इंची गोल दिव्यांची जुनी जीप होती. तिचा पत्रा सडला, सीटं फाटली, पण दिव्यांच्या काचा शेवटपर्यंत स्वच्छ राहिल्या. त्या खऱ्या काचेच्या होत्या. फुटायच्या, पण पिवळ्या पडायच्या नाहीत.

मी रोज धुळ्याला ये-जा करतो. उन्हाळ्यात घरी येईपर्यंत उजेड असतो, दिव्यांची आठवणही होत नाही. दिवाळीनंतर मात्र सहाच्या आतच सूर्य मावळतो, आणि नेमका तोच कापसाचा हंगाम. जिनिंगकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी बाहेर फुगलेला कापूस, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. मध्येच एखादी बैलगाडी. मध्येच एकच दिवा जळणारा ट्रॅक्टर, जो लांबून मोटारसायकल वाटतो. डिपरवर, म्हणजे खाली रोखलेल्या उजेडात, मला ट्रॉली दिसायची ती पार जवळ गेल्यावर. अप्पर, म्हणजे लांबवर जाणारा उजेड, लावावा तर समोरून येणारा शिव्या घालणार, आणि त्याचं चूक नाही.

ऑटोमोबाईलच्या दुकानांत यावर एकच इलाज सांगतात, मोठा बल्ब टाका. मूळ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो, म्हणजे अप्परला ६० आणि डिपरला ५५. त्याच्या जागी १००/९० चा टाका म्हणतात, नाहीतर एलईडी टाका, दिवसासारखं दिसेल. मी घेणारच होतो. आमच्या शेजारचे नाना एस.टी.च्या आगारातून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी ओट्यावरून ऐकलं आणि म्हणाले, “बल्बना दोष नही भो. करंट पोचस का नही ते देख पहिले.” त्यांचं म्हणणं असं की उजेड बल्बमधून निघतो, पण रस्त्यावर पडेपर्यंत त्याला तीन ठिकाणी अडवलं जातं. वायरीत, काचेत आणि रोखात, म्हणजे दिवा कुठे मारतो त्यात. या तिन्ही जागा मोकळ्या केल्याशिवाय मोठा बल्ब टाकला तर होल्डर वितळतो आणि समोरच्याचे डोळे जातात. एवढ्यावरून ठरलं की गॅरेजला न देता घरीच करायचं. नाना सांगणार, मी हात काळे करणार.

आधी काच, कारण ती डोळ्यांना खुपत होती.

गल्लीत सल्ल्यांना तोटा नाही. टूथपेस्टने घास, रॉकेलने पूस. एकाने तर मच्छर पळवायचं मलम चोळायला सांगितलं. यातलं टूथपेस्ट थोडंफार काम करतं, कारण त्यात बारीक घासणारी पूड असते. वरचा मळकट थर थोडा निघतो, चमक येते, पण काही आठवड्यांत दिवा पुन्हा होता तसा. मच्छराच्या औषधातलं डीईईटी नावाचं रसायन प्लॅस्टिकलाच विरघळवतं. लावल्याबरोबर काच लख्ख दिसते, कारण वरचा थर चक्क वितळलेला असतो. जुन्या गाडीचे दिवे शंका येईल इतके चकचकीत दिसले तर जवळ जाऊन वास घ्यावा, असं माझं मत झालं आहे.

खरं काम पॉलिश पेपरचं. वॉटर पेपर म्हणून मागायचा, पाण्यात भिजवून वापरायचा तो. आकडा जितका मोठा तितका पेपर बारीक. उजव्या दिव्यासाठी ८०० पासून सुरुवात करावी लागली, डाव्याला १००० पुरला. त्यानंतर १५००, मग २०००. भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर मारले. पेपर घसरून बोनेटच्या कडेला लागला की रंग गेलाच समजायचं. बादलीत पाणी, पाण्यात थेंबभर शाम्पू, पेपर अर्धा तास भिजवलेला. एका पेपराने आडवं घासायचं, पुढच्याने उभं. म्हणजे आधीच्या पेपराचे ओरखडे पुसले गेले की नाही ते कळतं. गोल गोल घासलं तर काही कळत नाही.

सुरुवातीला घासल्यावर जे पाणी उतरतं ते पिवळसर असतं. तो जुना कोट आणि करपलेलं प्लॅस्टिक. घासत गेलं की पाणी दुधाळ पांढरं होतं, म्हणजे खालचं चांगलं प्लॅस्टिक लागलं. पांढरं येईपर्यंत पेपर बदलायचा नाही. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. वरवर घासून पुढच्या पेपरावर जातात, मग पॉलिश केल्यावर मधोमध पिवळे डाग तसेच. कोट अर्धा निघालेला आणि अर्धा चिकटलेला असेल तर त्याची कड बोटाला लागते. डोळे मिटून बोट फिरवलं तर जास्त चांगली कळते.

घासून झाल्यावर दिवा भयानक दिसतो. सगळा पांढरा, आंधळा. आई बाहेर आली, बघितलं आणि म्हणाली, “हाई काय करी ऱ्हायना रे भाऊ?” मी तांब्याभर पाणी त्यावर ओतलं. पाणी पडताच काच आरपार झाली, आतला बल्ब, रिफ्लेक्टर सगळं स्वच्छ दिसलं. पाणी ओघळलं की पुन्हा पांढरी. हे आईला दाखवण्यापुरतं नव्हतं, हीच खरी परीक्षा. ओली असताना काच आरपार दिसली तर कोट मारल्यावरही तशीच दिसणार, कारण कोट त्या बारीक ओरखड्यांत पाण्यासारखाच शिरून बसतो. ओली असतानाही पिवळी झाक दिसली तर पुन्हा जाड पेपराकडे.

इथून दोन वाटा आहेत. एक, ३००० पर्यंत बारीक पेपर मारून रबिंग कंपाऊंडने चमकवायचं आणि सोडून द्यायचं. गाडी विकायची असेल तर एवढं पुरे. पण मूळ कोट आपणच घासून काढलेला असतो, प्लॅस्टिक उघडं पडलेलं असतं, आणि खान्देशातला एक उन्हाळा त्याला पहिल्यापेक्षा लवकर पिवळं करतो. लोक म्हणतात पॉलिश टिकत नाही. टिकणार कसं, वर संरक्षणच नाही. दुसरी वाट, अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट मारायचा. डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा क्लिअर मिळतो. तो सगळ्यात टिकाऊ, पण त्याच्या हार्डनरमधलं रसायन फुप्फुसाला वाईट, साध्या रुमालाने अडत नाही. त्यासाठी रसायनांचा मास्क लागतो. माझ्याकडे तो नव्हता, म्हणून हेडलाइटसाठीच असलेला यूव्ही क्लिअरचा स्प्रे कॅन घेतला. साधा लाकडावर मारायचा लॅकर इथे चालत नाही. तो उन्हाने तडकतो आणि पापुद्रे सुटतात, मग आधीचा पिवळा दिवा बरा होता म्हणायची वेळ येते.

कोट मारायची वेळ महत्त्वाची. नोव्हेंबरात भल्या पहाटे दव असतं, ओलाव्यात कोट धुरकट होतो. दुपारी ऊन आणि वारा, कोट काचेवर बसायच्या आधीच वाळतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो. साडेआठ-नऊची वेळ बरी. दव उडालेलं, वारा उठलेला नाही. बोनेट, बंपर जुन्या वर्तमानपत्रांनी झाकलं. दिवे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, त्यानंतर बोट लावलं नाही. वीतभर अंतरावरून, हात सारखा हलता ठेवून पहिला कोट अगदी हलका, नुसता शिंतडल्यासारखा. दहा मिनिटं थांबून दुसरा, मग तिसरा थोडा भरीव. ओघळ आला की हात जोरात चालला नाही एवढाच अर्थ.

हंगामाच्या दिवसांत आमच्याकडे हवेत कापसाचा रेशा उडतच असतो. तो एक उजव्या दिव्याच्या ओल्या कोटावर येऊन बसला. नाना म्हणाले हात लावू नको. कोट पूर्ण कडक झाल्यावर २००० च्या पेपराने तेवढीच जागा उतरवून पॉलिश करता येते. मी ती अजून केलेली नाही, रेशा अजून तिथेच आहे, दिसतो फक्त मला. उन्हाळा उलटून गेला तरी काच स्वच्छ आहे. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा एक हलका कोट मारावा लागेल, पण तेव्हा ८०० पासून सुरुवात करावी लागणार नाही.

डाव्या दिव्यात आतून वाफ धरायची, ते वेगळं दुखणं. मागे बल्बभोवती रबरी टोपी असते, ती चिरली होती. नवी टोपी स्वस्तात मिळते. दिवा काढून मागचं तोंड उघडं ठेवून, वर मलमलचं फडकं बांधून दुपारभर गच्चीवर ठेवला, आत टिपूस राहिला नाही. खालची छोटी हवेची नळी काहीजण सिलिकॉनने बुजवतात. ती बुजवायची नाही, वाफ बाहेर जायला तीच वाट असते.

आता वायरीचं. काच स्वच्छ झाल्यावर मला वाटलं झालं काम. नाना मीटर घेऊन आले. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर मोजलं तर १४ व्होल्ट. डिपर लावून उजव्या बल्बच्या कनेक्टरवर मोजलं तर १२.३. मधले पावणेदोन व्होल्ट वाटेत सांडलेले. ऐकायला हे थोडं वाटतं, पण हॅलोजन बल्बचं गणित सरळ नसतं. व्होल्टेज दहा टक्के घसरलं तर उजेड जवळजवळ तीस टक्के घसरतो. आमच्या गाडीत एक तृतीयांशाहून जास्त उजेड बल्बमधून निघतच नव्हता. १००/९० चा बल्ब टाकला असता तर त्याने जास्त करंट ओढला असता आणि त्याच कमजोर वायरीत आणखी जास्त व्होल्ट सांडले असते. दुकानातला इलाज रोग वाढवणारा होता तो असा.

सांडलेले व्होल्ट शोधायची रीत सोपी आहे. दिवा चालू ठेवून मीटरचं एक टोक बल्बच्या अर्थिंगच्या (करंट परत जाण्याच्या) पिनला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावायचं. मीटर शून्याच्या आसपास दाखवायला हवा. आमचा ०.९ दाखवत होता. अर्थिंगची काळी वायर दिव्यामागे बॉडीला बोल्टने आवळलेली असते. दहाच्या पान्याने तो बोल्ट काढला तर खाली गंज आणि हिरवट मळ. बोल्ट, वायरीचा आयलेट आणि पत्रा पॉलिश पेपराने चमकेपर्यंत घासला, घट्ट आवळला, वर थोडं ग्रीस लावलं. बल्बच्या कनेक्टरवर १३.१ आले. एका नव्या पैशाच्या सामानाशिवाय.

बाकीचं स्विचमध्ये जात होतं. जुन्या गाड्यांत दिव्यांचा सगळा करंट स्टिअरिंगखालच्या स्विचमधून फिरून येतो, लांबच्या बारीक वायरीने. नानांनी दोन रिले, म्हणजे विजेवर चालणारे छोटे स्विच, बसवले. आता स्विच फक्त रिलेला हुकूम देतो, करंट बॅटरीवरून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून थेट दिव्याला जातो. फ्यूज बॅटरीजवळच हवा. लांब बसवला तर मधली वायर घासून बॉडीला लागल्यावर वाचवायला कुणी नाही. हे मी एकट्याने केलं नसतं. आणि ज्या गाडीत दिवे कॉम्प्युटरवर चालतात तिच्यात हे करूच नये, वायर कापली की वेगवेगळे इशारे पेटत बसतात. आमची गाडी त्या आधीची.

बल्ब जोडीने बदलले, तेच ६०/५५ चे. जुन्यांची काच आतून काळपट झाली होती. बल्ब बसवताना काचेला बोट लावायचं नाही हे सगळे सांगतात, का ते कुणी सांगत नाही. हॅलोजनची काच क्वार्ट्झची असते आणि शेकडो अंश तापते. बोटाचं तेल लागलं तर तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब तिथून जातो. लागलंच तर अल्कोहोलने पुसून घ्यायचं. तीन कानांची चकती असते, ती एकाच प्रकारे बसते. बसत नाही म्हणून दाबली तर रोख बिघडतो. एलईडीची हौस मी याच कारणाने सोडली. आपला रिफ्लेक्टर एका ठराविक जागी असलेल्या बारीक फिलामेंटसाठी घडवलेला असतो. डिपरच्या फिलामेंटखाली एक इवलीशी वाटी असते, वर जाणारा उजेड तीच कापते. एलईडीची पट्टी त्या जागेवर तंतोतंत येत नाही, आणि उजेड झाडांवर, पाट्यांवर, समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत पसरतो. गाडीत बसलेल्याला मात्र वाटतं, काय लख्ख!

रोख लावायला सपाट जमीन आणि उभी भिंत पाहिजे. सपाट जमीन आमच्या गल्लीत मिळणं शक्य नव्हतं, म्हणून शाळेच्या मैदानावर संध्याकाळी गेलो. तिथलीही जमीन किती सपाट आहे ते डोळ्यांना कळत नाही. गल्लीतल्या गवंड्याकडून लेव्हलची नळी आणली, पारदर्शक प्लॅस्टिकची, पाणी भरलेली. तिचं एक टोक दिव्याच्या मध्यापाशी, दुसरं भिंतीपाशी धरलं की दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला. तिथे भिंतीवर खडूने रेघ. जमिनीचा चढ-उतार आपोआप बाद. या कामाला यापेक्षा नेमकं आणि फुकटचं साधन मला माहीत नाही.

टायरची हवा बरोबर, टाकी अर्धी, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस, डॅशबोर्डवरचं दिव्यांचं चाक शून्यावर. गाडी भिंतीपासून १० मीटरवर. डिपर लावला की भिंतीवर उजेडाची वरची कड स्पष्ट दिसते. डावीकडे आपल्या कडेला थोडी वर चढणारी, उजवीकडे समोरून येणाऱ्याच्या बाजूला सपाट. ही सपाट कड दिव्याच्या उंचीच्या रेघेखाली १० सेंटिमीटर असावी, म्हणजे एक टक्का उतार. आमच्या दिव्याचा मध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर. त्या हिशेबाने उजेड सुमारे ७० मीटरवर रस्त्याला टेकतो.

पाहिलं तर उजवा दिवा रेघेच्याही वर मारत होता आणि डावा गाडीच्या पुढ्यातच. म्हणजे समोरचे शिव्या देत होते ते उजव्यामुळे आणि ट्रॉली दिसत नव्हती ती डाव्यामुळे. मागे कधीतरी बंपरचं काम झालं होतं, तेव्हा दिवे काढून बसवताना कुणी रोख बघितला नसणार. प्रत्येक दिव्यामागे दोन स्क्रू असतात, एक वर-खाली, एक डावीकडे-उजवीकडे. फुलीच्या पेचकसाने बोनेट उघडून फिरतात. एका दिव्याचं करताना दुसऱ्यावर जाड फडकं टाकायचं, पण जास्त वेळ नाही, प्लॅस्टिक तापतं. सगळं जमल्यावर खडूची रेघ पुसून टाकली, नाहीतर सकाळी मास्तर विचारणार.

त्या रात्री धुळ्याच्या रस्त्यावर गेलो. डोळे दिपतील असा उजेड काही झालेला नव्हता. फरक एवढाच की डाव्या कडेने चाललेली कापसाची ट्रॉली आता वेळेत दिसत होती, ब्रेकवर पाय आरामात जाईल इतक्या लांबून. समोरून कुणी अप्पर मारून इशारा केला नाही. या तिन्हींमध्ये सगळ्यात जास्त फायदा कशाचा झाला म्हणाल तर रोखाचा. त्याला पैसा लागला नाही, आणि गॅरेजमध्ये तो कुणी स्वतःहून बघत नाही. काच चमकलेली गिऱ्हाइकाला दिसते, रोख दिसत नाही.

डाव्या आरशाची गोष्ट पुढच्या महिन्यातली. बाजाराच्या दिवशी गर्दीत एका मोटारसायकलचं हँडल घासून गेलं आणि काच तडकली. आरशाचं बाहेरचं घर शाबूत, मोटर शाबूत, फक्त काच. चौकशी केली तर पूर्ण आरसा बदला म्हणाले. नुसती काच मागे प्लॅस्टिकच्या पाठीसकट मिळते, पूर्ण आरशाच्या किमतीचा एक लहान हिस्सा. दुकानदार आधी नाही म्हणतो, थोडा वेळ उभं राहिलं की माळ्यावरून काढून देतो.

फोटो फ्रेमवाल्याकडून आकाराप्रमाणे काच कापून चिकटवणारे बरेच आहेत. मी ते केलं नाही. बाजूचा आरसा बहिर्गोल असतो, त्यात वस्तू लहान आणि दूर दिसते, पण बाजूचा बराच रस्ता मावतो. साधी सपाट काच लावली तर अंतर खरं दिसतं आणि रस्त्याची चिंचोळी पट्टीच दिसते. मधली मोटारसायकल गायब. आपल्याकडे डावीकडून घुसणाऱ्यांची संख्या बघता हा सौदा परवडत नाही.

तडकलेली काच काढायच्या आधी तिच्यावर आडवी-उभी टेप चिकटवून घेतली, म्हणजे तुकडे हातात यायला नको. जाड हातमोजे घातले. आरसा बटणाने पूर्ण वर बघायला लावला की खालच्या बाजूला फट उघडते. तिथून प्लॅस्टिकच्या चमच्याचा दांडा सरकवला. लोखंडी पेचकस घातला तर घराला दात पडतात आणि खुंटी तुटते. आतमध्ये पाठीला चार आकडे असतात, एकेक करून सुटतात. थंडीच्या सकाळी हे प्लॅस्टिक कडक असतं, आकडा कट्कन तुटतो, म्हणून मी दुपारची उन्हात तापलेली वेळ निवडली. या एका कामात आमच्या उन्हाची मदत झाली. नवी काच जागेवर ठेवून फडक्याने मधोमध तळहात दाबला, चार टिचक्या ऐकू आल्या, झालं. कोपऱ्यावर दाबलं असतं तर नवीही तडकली असती.

पाठ तुटलेली असेल आणि काच चिकटवावीच लागली तर सिलिकॉन बघून घ्यावं. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते आरशामागचा मुलामा खातं, काही दिवसांत कडेने काळे डाग पडतात. दुकानात न्यूट्रल सिलिकॉन मागायचं.

आरसा नवा लागल्यावर तो लावायचा कसा, हे पुन्हा वेगळं. सगळेजण बाजूच्या आरशात आपल्याच गाडीचं दार अर्धं दिसेल असा लावतात, आणि मग बाजूने येणारी गाडी मध्येच कुठल्याच आरशात दिसत नाही. जॉर्ज प्लॅटझर नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९९५ मध्ये याचं भूमितीने उत्तर मांडलं होतं. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते असं होतं: डोकं उजव्या खिडकीला टेकवायचं आणि उजवा आरसा आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका बाहेर वळवायचा. मग डोकं दोन सीटच्या मध्ये आणून डावा आरसा तसाच. सरळ बसल्यावर आपली गाडी आरशात दिसत नाही, आणि मधल्या आरशातून निसटलेली गाडी लगेच बाजूच्यात येते. सुरुवातीला चुकल्यासारखं वाटतं. आठवडाभर धीर धरला तर पुन्हा जुन्या पद्धतीकडे जावंसं वाटत नाही. नानांना मात्र हे पटलेलं नाही. त्यांना आपली गाडी आरशात दिसलीच पाहिजे, एस.टी.त तीस वर्षं तशीच बघितली म्हणतात.

मधला आरसा मे महिन्यात आपोआप पडला. भर दुपारी उन्हात उभ्या गाडीत समोरची काच हात लागणार नाही इतकी तापते, आणि आधी कुणीतरी झटपट चिकटणाऱ्या गमाने तो डकवलेला होता. तो गम वाळल्यावर ठिसूळ होतो, उष्णता आणि खड्डे दोन्ही त्याला सोसत नाहीत. यासाठी वेगळा गम मिळतो, सोबत आधी पुसायचं एक द्रव्य असतं. काचेच्या बाहेरून मार्करने जागेची खूण केली, आतला जुना गम ब्लेडने खरवडला, आरसा अडकवायची धातूची टिकली पॉलिश पेपराने घासली, दोन्ही अल्कोहोलने पुसून सावलीत, काच गार असताना टिकली दाबून धरली. आरसा मात्र लगेच अडकवला नाही. रात्रभर नुसती टिकली राहू दिली, सकाळी आरसा चढवला. ट्यूबमध्ये गम उरला होता, तो समोरच्या घरचा मुलगा घेऊन गेला. त्याच्या काकांच्या गाडीतला आरसा म्हणे मागच्या उन्हाळ्यापासून डॅशबोर्डच्या खणातच पडलेला आहे.